धुराड्यापासून सुरुवात करा

पाचगणीतल्या एका जुन्या बंगल्याच्या मालकांनी मला बोलावलं ते दिवाणखान्यातला डाग दाखवायला. फायरप्लेसच्या उजव्या अंगाला, आढ्याखाली, परातीएवढा पिवळा डाग. तीन वर्षांत तीनदा रंग झाला होता. तिसऱ्यांदाचा तर ओल रोखणारा म्हणून चांगला महागडा. तरी दर श्रावणात डाग हजर. मी भिंतीकडे फारसं पाहिलं नाही. शिडी मागवली आणि कौलांवर गेलो. धुराड्याच्या माथ्यावर हातभर उंचीचं पिंपळाचं रोप डोलत होतं आणि त्याच्या मुळांनी जांभ्याचा वरचा थर चक्क उचलून धरला होता. तिथून शिरलेलं पाणी बारा फूट खाली उतरून दिवाणखान्यात उगवत होतं. रंगाचे पैसे तीनदा वाया गेले होते.

जुन्या घराची दुरुस्ती वरून खाली यायची असते. आपण नेमके उलटे जातो, कारण डाग डोळ्यांसमोर असतो आणि धुराडं छपरावर.

सातारा-सांगलीत धुराडी कुठली, असं कोणाला वाटेल. पण आहेत, आणि तीन तऱ्हेची आहेत. १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांच्या वेळी महाबळेश्वर इंग्रजांचं थंड हवेचं ठाणं झालं. पुढे जॉन चेसन यांनी पाचगणी वसवली. साहेबांनी बंगले बांधले ते तिथल्याच जांभ्यात, पण विलायतेच्या आठवणीने प्रत्येक मोठ्या खोलीत फायरप्लेस आणि छपरावर धुराडं. ती हौस अगदीच फुकट नव्हती. वेण्णा तलावाकाठी आजही एखाद्या जानेवारीत पहाटे गवतावरचं दव गोठतं. दुसरी तऱ्हा वाई, सातारा, मिरज इकडच्या वाड्यांतली, स्वयंपाकघराच्या चुलीवरची. आणि तिसरी कऱ्हाड, शिराळा, वाळवा या पट्ट्यातल्या गुऱ्हाळांची, चुलवाणाच्या टोकाला उभी राहून चिपाडांचा धूर ओढणारी. जुन्या बंगल्याच्या धुराड्यासाठी माणूस मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, की दिवाळीआधी एखाद्या गुऱ्हाळावर जा. चुलवाण बांधणारा गवंडी आग आणि विटा यांचं नातं कोणत्याही पदवीधरापेक्षा बरं जाणतो. जिथे प्रत्यक्ष जाळ लागतो तिथे तो सिमेंट घालत नाही, मातीत विटा बसवतो. का, ते पुढे येईलच.

इंग्लंडात किंवा अमेरिकेत धुराड्याचा वैरी बर्फ. सांध्यात शिरलेलं पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि विटेचा पापुद्रा उडवतं. आपल्याकडे गोठणं नावापुरतं. इथे वैरी आहे तो पाऊस आणि त्यानंतरचं सुकणं. महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत आणि वाऱ्यासकट आडवा. म्हणून तर पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या तट्ट्या बांधत. आता त्या फारशा कोणी बांधत नाही. तट्ट्यांची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली. दिसायला वाईट, पण पश्चिमेच्या अंगाला तो बांधाच, लाजू नका.

तर छपरावर चढा. स्वतः नको, कौलांवर चालायची सवय असलेला माणूस चढवा आणि त्याच्या हातात फोन द्या, चारी बाजूंचे फोटो काढायला सांगा. पहिला फोटो माथ्याचा. धुराड्याच्या डोक्यावर चारी बाजूंना उतरता थर हवा आणि तो भिंतीच्या बाहेर दोन बोटं तरी आलेला हवा. त्याच्या खालच्या कडेला एक बारीक खाच असली की पाणी पागोळीसारखं तुटून बाहेर पडतं. ती नसली तर ते भिंतीला चिकटून खाली ओघळत जातं. धूर बाहेर पडण्याच्या तोंडावर चार पायांवर उभी फरशी किंवा पत्र्याची टोपी हवी आणि भोवती अर्ध्या इंचाच्या भोकांची जाळी. टोपी तोंडाला टेकवू नका. पाऊस अडवण्याच्या नादात धूरच अडवलेली किती तरी धुराडी मी पाहिली आहेत.

दुसरा फोटो धुराडं आणि कौलं यांच्या सांध्याचा. दहात आठ वेळा गळती इथली असते. या सांध्यात लोक सिमेंट भरतात, ते फुटलं की त्यावर डांबर, डांबर तडकलं की पुन्हा सिमेंट. ते टिकणारच नाही, कारण छप्पर लाकडाचं आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. धुराडं जागच्या जागी असतं. दोन हलत्या-न हलत्या गोष्टींमध्ये ताठ माल भरला तर तो फुटणार. इथे पत्रा हवा आणि तोही दोन तुकड्यांत. एक तुकडा कौलांवर पसरलेला आणि धुराड्यावर वीतभर चढलेला. दुसरा धुराड्याच्या दरजेत इंचभर खोवलेला आणि पहिल्यावर पदरासारखा लोंबता. दोन्ही एकमेकांना जोडायचे नाहीत. छप्पर हललं तरी पदर आपला जागेवर राहतो. धुराड्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिथे उतारावरून येणारं पाणी आपटतं तिथे, पत्र्याचीच दोन्हीकडे उतरती छोटी पाठ करून घ्या. पाचगणीत सिल्व्हर ओकची पानं नेमकी याच खोबणीत साठतात, कुजतात आणि पाण्याला धरण बांधून देतात. वर्षातून दोनदा ती काढायचं काम माळ्याला लावून द्या.

पिंपळाचं रोप दिसलं तर उपटू नका. मूळ दोन दगडांमध्ये शिरलेलं असतं. ओढलं की दगडच हातात येतो. बुंधा कापा, मुळावर तणनाशक लावा आणि ते मरेपर्यंत दोन-तीन महिने थांबा. मग दगड सुटे करून मूळ काढा आणि थर पुन्हा बसवा. त्या बंगल्यात आम्ही हेच केलं.

तिसरी गोष्ट ओळंब्याची. छपराच्या वरचं धुराडं चारी बाजूंनी उघडं असतं. नैऋत्येच्या अंगाच्या दरजा पावसाने आधी धुऊन जातात आणि ते हळूहळू त्या बाजूला कलतं. मीटरमागे एक सेंटिमीटरपेक्षा जास्त कललं असेल तर दरजा भरून भागणार नाही, तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधा. दगडांना खडूने आकडे घाला, म्हणजे तेच दगड त्याच जागी जातील. याबाबतीत मी हटवादी आहे आणि त्याला कारण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाटण तालुक्यात मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या. कोयनेच्या परिसरात धक्के आजही येतात. धक्क्यात घराचा सगळ्यात उंच, सगळ्यात बारीक आणि कशालाही न बांधलेला भाग आधी पडतो, आणि तो पडतो कौलांमधून खाली झोपलेल्या माणसांवर.

आता मालाचं बोलू. गवंडी ज्याला ‘माल’ म्हणतात तो, दोन दगडांमधला.

वाईत गंगापुरीतलं आमचं घर काळ्या दगडाच्या जोत्यावर बारीक, चपट्या विटांचं आहे. १९९६ साली वडिलांनी त्याच्या पुढच्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या. छान, रेखीव, करड्या रेघा. शेजारी बघायला आले होते. सहा-सात वर्षांनी विटांचे पापुद्रे सुटायला लागले. रोज सकाळी ओटीवर लाल पीठ पडलेलं असे आणि आई ते केरसुणीने लोटून टाकी. दहाव्या वर्षी विटा बोटभर आत गेल्या होत्या आणि सिमेंटच्या रेघा तशाच बाहेर उभ्या, रिकाम्या मधाच्या पोळ्यासारख्या. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याला आणलं. त्याने टाकीच्या टोकाने एक रेघ खरवडली, न तुटलेली पाहिली आणि म्हणाला, ‘‘विटंपेक्षा माल मऊ पायजे, दादा. माल मेला तर परत भरता येतोय. वीट मेल्यावर काय भरनार?’’

सगळं शास्त्र यात आलं. भिंतीत पाणी शिरतंच. प्रश्न ते बाहेर कुठून पडतं एवढाच. चुन्याची दरज विटेपेक्षा सच्छिद्र, त्यामुळे ओल तिच्यातून सुकते, क्षार तिच्यात साठतात, झिजते ती. पंचवीस-तीस वर्षांनी खरवडून पुन्हा भरली की झालं. सिमेंटची दरज पाणी सोडत नाही, मग ओल विटेच्या अंगातून बाहेर पडते आणि क्षार तिथे फुटून विटेचाच भुगा करतात. जांभ्याचं याहून वाईट, कारण तो मुळातच भोकाभोकांचा. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर तेलाचा रंग म्हणजे ओल्या माणसाला रेनकोट घालून उन्हात उभं करणं. चुलवाणात सिमेंट का नाही, याचंही उत्तर जवळपास हेच: तापून फुगणाऱ्या विटेला सोबत करणारा माल लागतो, तिला जखडणारा नव्हे.

तुमचं घर चुन्यातलं आहे का हे कसं ओळखायचं? पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ चा. त्याआधीचं घर असेल तर ते चुन्यातलं किंवा मातीतलंच समजा. नंतरचं असेल तर दरज किल्लीने खरवडा. पांढरं पीठ सुटलं आणि त्यावर लिंबू पिळल्यावर बुडबुडे आले, तर बहुधा चुना. तपकिरी भुगा पडला तर माती, आणि किल्लीच वाकली तर कोणीतरी आधी येऊन गेलेलं आहे.

आधीचं सिमेंट सगळंच काढायचा अट्टहास करू नका. बोटांच्या गाठींनी ठोकून पाहा. पोकळ, डबडबीत आवाज आला तिथला गिलावा आपणहून सुटतो. जिथे तो दगडाचा पापुद्रा घेऊनच निघतो तिथे हात आवरा. तेवढा भाग राहू द्या, काही वर्षांनी तोही सुटेल. ग्राइंडर तर घरात येऊच देऊ नका. एका दुपारी शंभर वर्षांच्या विटांच्या कडा तो कापून टाकतो. छिन्नी आणि हातोडी, आणि दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल, निदान इंचभर, एवढंच काम.

चुना बाजारातल्या उघड्या पोत्यातली फक्की नको. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ती पोत्यातच मेलेली असते. चुनकळी आणा, ढेकळं. ती पाण्यात टाकायची; ढेकळांवर पाणी ओतायचं नाही. विरताना पाणी उकळतं आणि शिंतोडे डोळ्यांत गेले तर नजर जाऊ शकते. म्हणून डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे आणि पोरंटोरं लांब. विरलेला चुना गाळून पाण्याखाली निदान पंधरा दिवस ठेवा, तीन महिने ठेवलात तर उत्तम. पानाला लावायच्या चुन्यासारखा लुसलुशीत झाला की तयार. एक भाग चुना, तीन भाग धारदार वाळू. जिथे ओल कायमची आहे, म्हणजे जोत्याजवळ किंवा धुराड्याच्या माथ्यावर, तिथे तीन भागांतला एक भाग सुरखी, म्हणजे नीट भाजलेल्या विटांची भुकटी, घाला. ओलीतही माल धरतो. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, क्रश सँड चालते, पण धुतलेली. बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. वर मातीचा जाड थर बसला तर ती वाळू परत पाठवा.

गूळ, हिरडा, बेलफळ यांबद्दल हल्ली फार विचारतात. जुन्या कारागिरांनी ते वापरले हे खरं आणि प्रमाण जाणणारा कारागीर असेल तर जरूर वापरा. पण व्हिडिओ बघून बादलीभर गूळ ओतणाऱ्या एका हौशी मालकाच्या भिंतीवर मी मुंग्यांची वारी पाहिली आहे. चुना नीट विरलेला, वाळू स्वच्छ आणि घोटाई पुरेशी असेल तर बाकी सगळं वरची कोशिंबीर. घोटाईत मात्र कसूर नको. पूर्वी बैलाच्या घाण्यात दगडी चाकाखाली माल तासन्‌तास फिरे. आज निदान मिक्सरमध्ये वीस मिनिटं तरी फिरू द्या.

भरण्याआधी दरज ओली करा, पाणी साचू न देता. दाबून भरा, दोन थरांत. मग गोणपाट लावून सात-आठ दिवस ओलं ठेवा. चुना वाळून घट्ट होत नाही. तो हवेतला वायू घेत पुन्हा चुनखडीचा दगड होत जातो आणि त्याला ओल आणि वेळ दोन्ही लागतात. म्हणूनच चुन्याच्या कामाला पंचांग बघावं लागतं. महाबळेश्वर-पाचगणीत दसऱ्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत काम करा, कडाक्याच्या थंडीत थांबा, कारण ताजा चुना एका गोठलेल्या रात्रीत भुसभुशीत होतो. फेब्रुवारीत पुन्हा सुरू करा आणि अक्षय्य तृतीयेच्या आत परांची उतरवा. मे महिना चुन्याला धरायला राहिला पाहिजे. खाली वाई, साताऱ्यात थंडीची अडचण नाही, पण मार्च-एप्रिलच्या उन्हात गोणपाट दिवसातून तीनदा भिजवायला माणूस लागतो.

सांगलीचं गणित वेगळं. तिथे पाणी वरून नाही, खालून आणि बाजूने येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची खूण ४५ फुटांची. गावभागातल्या जुन्या घरांच्या भिंती दिवस-दिवस पाण्यात होत्या. अशा भिंतीला पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात नवा गिलावा करणं ही सगळ्यात महागडी घाई. जाड भिंत सुकायला इंचामागे साधारण महिना लागतो, म्हणजे दीड फुटी भिंतीला दीड वर्ष. तोवर खालचा फुगलेला गिलावा काढून ती उघडी ठेवा, दारंखिडक्या उघड्या, पंखे चालू, कपाटं भिंतीपासून हातभर दूर. पांढरा खार फुटेल तो कोरड्या ब्रशने झाडून घमेल्यात घ्या. पाण्याने धुतलात तर तो परत आत जाईल. तळघर असेल तर तिथलं पाणी एकदम उपसू नका. बाहेरची काळी माती पाणी पिऊन फुगलेली असते, आतला आधार गेला की ती भिंत आत ढकलते. रोज थोडं थोडं उपसा.

पुरानंतर किंवा धक्क्यानंतर भिंतीला पोट आलंय का हे मात्र त्याच दिवशी बघा. जुनी दगडी भिंत बहुधा दोन पदरी असते, बाहेर एक घडीव अंग, आत एक, मध्ये माती-कपचीचा भराव. भराव भिजून खाली बसला की दोन्ही अंगं फाकतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदं यांनीच एवढे बळी घेतले. आरपार जाणारे लांब दगड, उंचीला दर दोन फुटांवर आणि लांबीला दर चार फुटांवर, असले की दोन्ही अंगं बांधलेली राहतात. जुन्या भिंतीत ते नसतील तर भोक पाडून, सळई आणि काँक्रीट घालून नंतरही करता येतात, पण हे काम स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सल्ल्यानेच. तडा गेला असेल तर त्यावर पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख टाका, दोन्ही टोकांना खूण करा. तीन महिन्यांनी खूण सरकली नसेल तर तडा जुना आहे, भरून टाका. सरकली असेल तर भरून काही उपयोग नाही, पाया पाहावा लागेल.

दोन गोष्टी कागदोपत्री. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि अनेक बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. धुराडं उतरवण्याआधी नगरपालिकेत विचारून लेखी घ्या. ठेकेदाराशी बोलताना चौरस फुटाचा दर ठरवायच्या आधी भिंतीचा एक कोपरा, मीटरभर, नमुना म्हणून करून मागा आणि तो महिनाभर बघा. जो नमुना करायला नाही म्हणतो त्याला चहा पाजून निरोप द्या.

धुराडं दुरुस्त झालं म्हणून लगेच शेकायला बसू नका. आतली नळी दोरीला बांधलेल्या ब्रशने झाडून घ्या. पाकोळ्यांची घरटी, काजळी, कधी एखादं जुनं पोळंही निघतं. मोहोळ जिवंत असेल तर धूर करायचा आगाऊपणा नको, जाणता माणूस बोलवा. मग खोलीची एक खिडकी किलकिली ठेवून फायरप्लेसच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर वर ओढला गेला तर मार्ग मोकळा. खोलीत परतला तर वर काही अडलं आहे, किंवा धुराडं आढ्यापेक्षा बुटकं आहे. उतरत्या छपरात दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याहून ते दोन फूट वर हवं. बंद खोलीत निखारे ठेवून झोपणं तर कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, झोपलेल्याला तो उठवत नाही.

पहिला जाळ काम संपल्यावर महिन्याने आणि तोही मूठभर काटक्यांचा. अर्धा तास, मग विझू द्या. दुसऱ्या दिवशी तासभर. आठवडाभर असं चढवत न्या, म्हणजे मालातलं उरलेलं पाणी वाफ होऊन सांधे न फोडता बाहेर पडेल. त्या पाचगणीच्या बंगल्यात मी दुसऱ्या संध्याकाळी परांचीवर चढून धुराड्याच्या अंगाला तळहात लावून पाहिला होता. नैऋत्येची बाजू कोमट होती आणि दरजांवर घामासारखे बारीक थेंब आले होते. मालक खालून ओरडून विचारत होते, गळतंय का. मी म्हटलं, नाही, सुकतंय. उद्या आणखी चार काटक्या घाला.